सम ओळी

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत माझं दुकान.
पूर्वी इथं माग होता. जमिनीतला खड्डा बुजवून
त्यावर टेबल ठेवलं, टेबलावर व्हीसीआर.
कूलरचं पाणी टपकतं त्या बाजूला काहीच नाही.

यमूताई निखारे मेच्या दुपारी टेप घेऊन आल्या,
लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली.
भाच्यानं काढलेली, त्र्याण्णव सालची, अकरा मिनिटं:
मागावर बसलेला नवरा.

ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगतो,
जुना कॅमेरा चित्र एका दमात काढत नसे.
आधी विषम ओळी, पहिली, तिसरी, पाचवी,
मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानं सम.
जुना टीव्ही दोन्ही एकात एक विणायचा
आणि डोळा म्हणायचा, अखंड आहे.
नवा पडदा तसा भाबडा नाही.
स्थिर ते नीट दिसतं: भिंत, कॅलेंडर, खुंटीवरची टोपी.
हलतं त्याच्या कडांना दात फुटतात.
धोटा सुटला की एकाच चित्रात दोन ठिकाणी,
मधे नुसती फणी.

मी सोपं केलं. पैसे थोडे होते.
सम ओळी सरसकट टाकल्या,
विषम ताणून पडदा भरला.
दात गेले.

ताईंनी अकराच्या अकरा मिनिटं पाहिलं.
शेवटी म्हणाल्या, "अन् मी कोठी गेली?"
"तुम्ही नव्हत्याच यात."
"होती ना बाप्पा. त्याची कांडी सरली.
दुसरी द्याले हात पुढं केला
अन् पोट्ट्यानं कॅमेरा बंद केला."

रात्री मूळ टेप लावली. शेवटचं चित्र.
विषम ओळींत त्याचा रिकामा तळवा.
सम ओळींत, डाव्या कडेला,
दोन बोटं आणि पांढऱ्या सुताची कांडी.
एवढ्याच त्या,
आणि त्याही मी टाकून दिलेल्या अर्ध्यात.

मग प्रत्येक अर्ध्याचं वेगळं चित्र केलं,
पंचविसाचे पन्नास.
भिंतीसाठी शेजारच्या क्षणाच्या ओळी उसन्या घेतल्या,
भिंतीला काय, ती कुठल्याही क्षणी भिंतच.
बोटांसाठी उसनं मागायला कोणी नव्हतं:
आधीच्या क्षणी ती आली नव्हती,
नंतरचा क्षण टेपवर नाही.
वरची ओळ पाहिली, खालची पाहिली, मधली हिशेबानं भरली.
सरळ सरासरी काढली तर नखाला पायऱ्या पडत.
तिरपं बघून जुळवावं लागलं,
तुटला धागा सांधणारा बघतो तसं.

दुसऱ्या दिवशी चित्र थांबवून दाखवलं
आणि सांगून टाकलं, लपवता आलं असतं तरी:
"ताई, यातल्या निम्म्या ओळी तुमच्या,
निम्म्या माझ्या गणिताच्या."

पडद्याला नाक लागेस्तोवर त्या वाकल्या.
"लुगडं आमचं म्हणत होतो ना आम्ही,
सूत तं मिलचंच राहे."
मग थोडं थांबून,
"कांडी अर्धीच भरली होती, पाह्य. घाई झाली मले."

ती अर्धी कांडी त्यांच्या ओळींत होती की माझ्या,
मी तपासलं नाही.