अकरा कोरे कागद

पोटनिवडणूक जाहीर झाली तेव्हा
ड्रॉवरमध्ये अकरा कागद उरले होते,
खाली साहेबांची सही, वर सगळं कोरं.
दर सोमवारी मुंबईला निघण्याआधी
"कुंदाताई, किती करू?" एवढंच विचारायचे.
मजकूर कधी विचारला नाही.

रहिवासाचे दाखले, शाळाप्रवेश, ससूनची सवलत.
"सदर कुटुंब माझ्या माहितीतील असून गरजू आहे."
बारा वर्षं हे वाक्य मी लिहिलं.
माझ्याच माहितीतलं.

फेब्रुवारीत गेले.
दत्तवाडीतली दुकानं आपणहून बंद राहिली,
निदान दुपारपर्यंत.
तेराव्याच्या मांडवात मला चार उमेदवार दिसले,
डोळे पुसता पुसता एकमेकांना मोजताना.
पानावर बसल्या बसल्या मी शब्द जुळवत होते:
पोटभाडेकरू, पोटकलम, पोटजात.
दुसऱ्याच्या घरात राहायचं,
भाडं वेळेवर द्यायचं,
दारावर पाटी मात्र लावायची नाही.

मग आचारसंहिता.
पालिकेची माणसं शिडी घेऊन आली,
कालव्याकाठच्या व्यायामशाळेवरचं नाव झाकलं,
बाकड्यांवरच्या "यांच्या निधीतून"वर चुना फासला
आणि जाता जाता चौकातला
भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्सही उतरवला.
प्रचारात धरतात म्हणे.
मी विचारलं, कुणाचा प्रचार?
शिडी धरणारा पोरगा म्हणाला, "मावशी, वरून आलंय."

शमशाद तांबोळी आली नवऱ्याची फाईल घेऊन.
आठवड्याला दोन डायलिसिस.
"साहेब नाहीत ते माहितीये," ती म्हणाली,
"पत्र आहे का?"

मी तारीख घातली सोळा फेब्रुवारी.
ते गेले अठराला.

मग लोखंडे मावशींची नात, अकरावीसाठी.
मग पर्वती पायथ्याचा चांभार, ज्याची टपरी उचलली होती.
सगळ्यांना सोळा तारीख.
त्या एका दिवशी साहेबांनी
उभ्या कारकिर्दीत केलं नसेल एवढं काम केलं.

शेवटचा कागद माझ्यासाठी ठेवला होता.
"श्रीमती कुंदा पासलकर यांनी माझ्याकडे..."
इथपर्यंत टाइप झालं.
पुढे ते काय म्हणाले असते, सुचेना.
बारा वर्षांत पहिल्यांदाच सुचेना.
फाडला.

मतदान पालिकेच्या शाळेत, बालवाडीच्या खोलीत.
भिंतीवर अ अननसाचा,
खाली अधिकारी बुटक्या खुर्चीत गुडघे वर करून.
यादीत पाचशे सातला साहेब होतेच अजून,
फोटो जुना, मिशी काळी.
एजंटने त्यांच्यावर पट्टी ठेवून रेघ ओढली
आणि खालच्या नावावर येऊन थांबला.
खालचं नाव वहिनींचं.
त्या संध्याकाळपर्यंत आल्या नाहीत.
मी कुणाला दिलं ते सांगणार नाही.
तसंही तीसमधल्या सात-आठ जणांनीच दिलं,
बाकीचे सिंहगडावर भजी खात असतील.

निकालाच्या तिसऱ्या दिवशी नवे आले, चौतिशीतले,
गळ्यातल्या हाराची झेंडूची पानं मांडीवर सांडत.
मी शिक्का दिला, किल्ली दिली,
चहावाल्याची उधारी सांगितली, तीनशे चाळीस.
ड्रॉवर त्यांनीच उघडून पाहिला.
"आधीचे कसं करायचे हो?"

सांगितलं.

बराच वेळ ते खिडकीबाहेर बघत राहिले.
आचारसंहिता उठलेली,
समोर कुणीतरी व्यायामशाळेवरचा कागद नखाने सोलत होतं.
मग पेन काढलं.
"किती करू?"

सही अजून बसलेली नव्हती त्यांची.
पहिल्या कागदावर अख्खं आडनाव होतं, काना-मात्रेसकट.
विसाव्यापर्यंत नुसती एक वेलांटी उरली
आणि खाली दोन टिंबं.
मी पंखा बंद केला.
कागद उडत होते.