साधी काच

कागद शंभर टक्के कापसाचा,
हे मी प्रत्येकाला पहिल्या वाक्यातच सांगतो.
आम्लाचा अंश नाही. शाई अशी की
दोनशे वर्षं फिकी पडायची नाही.
फक्त उन्हात टांगू नका.

इंगेबोर्ग हसली.
वार्दो बेटावर, नोव्हेंबरच्या अखेरीस,
सकाळी अकराला दुकानात दिवे लावून
मी तिला उन्हाची भीती घालत होतो.

"दोनशे वर्षं," ती म्हणाली, "कुणाची?"
आणि हातमोजा काढून, एक बोट
चित्रापासून वीतभर लांब धरून मासे मोजू लागली.

लाकडी मांडवावर सुकत घातलेले कॉड,
जोडीजोडीने, शेपट्या बांधून.
मागे समुद्र, नुकती कल्हई केलेल्या पातेल्यासारखा.
चाळीस प्रतींतली सतरावी. खाली शिसपेन्सिलीने सही.
"चुकलंय," ती म्हणाली. "वाऱ्याच्या बाजूला
एवढे दाट कुणी बांधत नाही.
आम्ही बांधायचो तेव्हा मधून हात जायचा."
तरी घेणार होती. घासाघीस नाही,
नोटा घरूनच मोजून आणलेल्या,
इस्त्री फिरवल्यासारख्या चपट्या.

मग मी माझी लाडकी काच काढली,
संग्रहालयात लावतात ती, असून नसल्यासारखी.
मागे हात धरून दाखवला:
"बघा, प्रतिबिंबच पडत नाही."
ती बराच वेळ बघत राहिली
तिचा चेहरा यायला हवा होता त्या जागी.

"नको. साधी द्या."
मी समजावलं. चकाकी येईल, रंग मरतील,
चित्रापेक्षा खिडकीच जास्त दिसेल.
"साधी," ती म्हणाली. "दोन महिने दिवस उगवत नाही.
दिवा लावला की काचेत कुणीतरी हलतं.
कॉफी ओतताना मान वर केली
की तिकडूनही कुणीतरी करतं.
आर्नफिन गेल्यापासून—"
उरलेलं वाक्य तिने पाकिटात परत ठेवलं,
सुट्या नाण्यांबरोबर.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चौकट पोचवली.
भिंतीवर जुन्या कॅलेंडरचा उजळ चौकोन.
"तोच खिळा चालेल," म्हणाली. नाही चालला.
दोन नवे ठोकले, पाणसळ लावली,
बुडबुडा मध्यावर येऊन थांबला.
"डावीकडे उतरलंय," ती आतून ओरडली.
सरळ होतं.
मी डावी बाजू केसभर उचलली.

तिने दिवा लावला.
मांडवाखाली, त्या दाट माशांमध्ये,
किटली घेतलेली एक म्हातारी
आणि हातोडी घेतलेला एक माणूस उभे राहिले,
मधून हात जाईल एवढं अंतर ठेवून.

"चौघं झालो," इंगेबोर्ग म्हणाली,
आणि साखर माझ्याकडे सरकवली.