सगळ्या खिडक्या एकदम

मालवणात, भरडावर, हार्डवेअरच्या दुकानाचा माळा.
खाली खिळे तोलतात, वर आम्ही रेषा ओढतो.
मला तिसरा आठवडा.
पंखा एकच, तो लुद्रिक सरांच्या बाजूला.

नकाशा तारकर्लीचा, पर्यटकांच्या खोल्यांचा :
अकरा खोल्या, एकतीस खिडक्या.
म्हणजे खिडकी एकच. कुणीतरी कधीतरी
काढून ठेवलेली. मी फक्त
तरवा लावावा तशी वाकून
भिंतीभिंतीत लावत गेले.

मालकाचा फोन आला.
चार नंबरात आमचे आबा असणार,
ते आता उठत नाहीत.
खिडकी तेवढी खाली घ्या,
उशीवरून होड्या दिसायला हव्यात.

मी खिडकीवर दोनदा टिचकी मारली
आणि घर गेलं.
भिंती, जिना, विहीर, माडांची वर्तुळं,
सगळं गेलं. राखाडी पडद्यावर
एकटी खिडकी,
एक्स-रेच्या खोलीत उभी केल्यासारखी.
तिचा तळ ओढून दीड फुटावर आणला.
ती कोपऱ्यात होती, म्हणून उचलून
मधोमध घेतली. नीट दिसावी म्हणून.
सेव्ह. बंद.

घर परत आलं. भिंती जागच्या जागी.
खिडक्या मात्र एकतीसच्या एकतीस
भिंती सोडून अंगणात,
दोन-दोन फूट हवेत उभ्या.
संडासाच्यासुद्धा. आणि त्याही
गुडघ्यापर्यंत उघड्या.

लुद्रिक सर मागे येऊन थांबले. हसले नाहीत.
"बेस पॉइंट खंय गो ठेवलंस?"
मला माहीतच नव्हतं तो असतो.
शून्य-शून्यवर एक बारीक फुली असते,
तिला धरून घर खिडकीला ओळखतं.
फुली तिथेच होती.
खिडकी मी तिच्यापासून लांब नेली होती.

कंट्रोल झेड. कंट्रोल झेड.
दिवेलागणीच्या कोंबड्यांसारख्या
खिडक्या मुकाट आत गेल्या.

मग मी चौथ्या खोलीची तेवढी फोडली. एक्सप्लोड.
आवाज येत नाही. दिसतंही तसंच.
पण उचलायला गेलं की एकच रेष हाताला येते,
बाकीच्या अकरा पडून राहतात,
आपण खिडकी होतो हे त्यांच्या गावीही नसतं.
"असा नको," सर म्हणाले,
"उद्या ह्यो भुसो कोण गोळा करतलो?"

बाबा चिरेखाणीवर असतात.
रात्री जेवताना सांगितलं. त्यांनी
बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.
"एक चिरो बदलूक
सगळी भिंत कित्याक हलवूची?"
त्यांचे चिरे हल्ली मशीन कापते, सगळे एका मापाचे.
तरी गाडीत चढवताना ते प्रत्येकाला उलटून बघतात,
कुठल्याला भोक, कुठला पाण्याला भुसभुशीत.
त्यांना कसं सांगू,
माझ्याकडे चिरा एकच आहे
आणि तो एकतीस ठिकाणी दिसतो.

सकाळी सरांनी दाखवलं.
तीच टिचकी, तोच राखाडी पडदा,
फुलीला धक्का न लावता तळ खाली,
आणि सेव्ह करताना दुसरं नाव.
काय देऊ? खिडकी-दोन?
कर्सर लुकलुकत होता. मी टाइप केलं :
आबा.
चौथ्या खोलीतली जुनी काढली, तिथे आबा बसवली.
बाकीच्या तीस जागच्या हलल्या नाहीत.

एप्रिलात आचऱ्याचं काम आलं. घाईचं.
सरांनी ब्लॉकची यादी उघडली, सगळ्यात वरचं नाव
न वाचताच उचललं
आणि पूर्वेच्या खोलीत ठेवून दिलं.
मी बोलणार होते.
मग पाहिलं, त्या अंगाला खाडी आहे.

"काय गो?"

काय नाय, सर.