हिरवा दिवा

नोव्हेंबर. पुंता आरेनास.
वाऱ्याने गाडीचं दार हातातून हिसकावलं
तेव्हाच कळलं, आजचं काम सरळ नाही.

लोकर संघाच्या दुसऱ्या मजल्यावर
एडेल्मिराबाईंनी माते पुढे केला, आणि तक्रार:
"मशीन म्हणतं जागा नाही.
जागा नाही कशी? मी तर काहीच आणलं नाही."

कुणीच काही आणत नाही.
डिस्क आपली भरते,
किनाऱ्यावरून आल्यावर बुटात वाळू निघते तशी.

मी नोंदी उघडल्या.
पहाटे तीन चाळीस : अयशस्वी.
आदल्या पहाटे : अयशस्वी.
बोटाने चाक फिरवत मागे मागे गेलो,
ऑक्टोबर, सप्टेंबर, बर्फाखालचा अख्खा जुलै,
अयशस्वी, अयशस्वी,
थेट चौदा एप्रिलपर्यंत.
तिथे शेवटचं : पूर्ण.

"पण दिवा तर हिरवा असतो," बाई म्हणाल्या.
"रोज निघताना बघते. हिरवा दिसला की कुलूप घालते."

टेबलाच्या कडेला ती काळी पेटी,
तिच्या कपाळावर तो दिवा.
कसं सांगावं, की तो एवढंच म्हणतो :
वीज येते आहे.
आत काय आहे, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही.
पेटी उघडून पाहिली. मार्चपर्यंतचा हिशेब, पुढे काही नाही.
आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून यायचं?

मग प्रती जात होत्या कुठे?
त्याच मशीनमध्ये, त्याच कागदपत्रांच्या फोल्डरात.
पहिल्या रात्री तिसाचे साठ,
दुसऱ्या रात्री साठाचे एकशेवीस,
तिसऱ्या रात्री दोनशेचाळीस :
प्रतीच्या पोटात प्रत, तिच्या पोटात तिची आई.
चौथ्या रात्री मशीनला धाप लागली.
तेव्हापासून ते रोज पहाटे उठतं,
अर्धं लिहितं, पुसतं, आणि झोपतं.

हा मार्ग बदलला कुणी?
तारीख अकरा एप्रिल.
नाव : निबाल्दो बारिया.
म्हणजे मी.
प्रिंटर दुरुस्त करायला आलो होतो,
जाता जाता म्हटलं, बाईंना सापडायला सोपं जावं.
पावती फाडली, आणि वाऱ्यात निघून गेलो.

माते थंड होईपर्यंत मी ते बोललो नाही.
मग बोललो.
बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"एप्रिलचे पैसे परत करा," म्हणाल्या,
"आणि आता हे आवरा."

पोटातल्या प्रती आधी काढल्या.
मग उरलेली अडगळ, दोघांनी मिळून.
फाटकाचा कॅमेरा : आठ महिने,
कुणी येत नाही, फक्त वारा फाटक उघडतो.
"पुसा."
अंतिम. अंतिम नवा. हाच खरा अंतिम.
"पहिला ठेवा," म्हणाल्या. "तोच बरोबर होता."
कचरापेटीत एक्केचाळीस जीबी,
टाकून दिलेलं, पण घराबाहेर न गेलेलं.

मग एलेउतेरियोचं फोल्डर.
नऊ हजार फोटो, सगळे एकाच वजनकाट्याचे,
एकेक गठ्ठा, एकेक आकडा, कोपऱ्यात त्याचा अंगठा.
"काट्यावर विश्वास नव्हता त्याचा," बाई म्हणाल्या,
"माझ्यावरही नव्हता."
माझं बोट डिलीटवर थांबलं होतं.
"राहू द्या. जागा आहे ना आता?"

होती.

प्रत पेटीत जाईपर्यंत दुपार गेली.
पण आता मला 'पूर्ण' वाचून भागणार नव्हतं.
एक फाइल मुद्दाम दुसरीकडे नेली,
पेटीतून परत मागवली, उघडली :
एका फेब्रुवारीचे चौदा गठ्ठे, दोन ओले,
खाली बाईंचा शेरा : परत वजन करा.

निघताना कुलपाशी त्या थबकल्या.
माझ्या पिशवीतून काळी चिकटपट्टी मागून घेतली,
दातांनी तोडली,
आणि दिव्यावर चिकटवली.
"सोमवारी या," म्हणाल्या. "मी एक फाइल मागेन.
कुठली, ते सांगणार नाही."