सव्वा किलो

फाल्गुन उतरणीला. मुरारच्या पुढे
मोहरी शेंगांवर आली, पिवळं संपलं,
आणि पेट्यांच्या तोंडाशी माश्या लोंबताहेत,
उकाड्यात ओसरीवर येऊन बसलेल्या माणसांसारख्या.
मन्नीलाल कुशवाह पेटीवर टिचकी मारतो.
"भर गई. आज निकालो, नहीं तो खुद निकल जाएँगी."

धूर द्यायचा, पण बेतानं:
शेणी, गोणपाटाची चिंधी, दोनच फुंकर.
जास्त दिला की त्या घाबरून मध पितात,
आणि मग आपण माश्यांच्या भावानं
मधच विकतो गिऱ्हाइकाला.

आधी राणी शोधायची.
सगळा दिवस खरं तर यातच जातो.
दहा चौकटी, दोन्ही बाजू, डोळे बारीक करून,
लांब पोटाची, कसलीही घाई नसलेली एक.
सापडली की तिची चौकट बाजूला, ओल्या फडक्याखाली.
नाही सापडली तर झाकण बंद.
सात नंबरनं आज मला तीनदा परत पाठवलं.

मग चौकट पत्र्याच्या नरसाळ्यावर धरायची
आणि एकच झटका, मनगटातून.
भिजलेले हरभरे सुपातून घसरावेत
तसा आवाज होतो,
आणि घसरून झाल्यावर
तो आवाज उठून उभा राहतो.

पडतात त्या घरातल्या, कोवळ्या,
अजून शेत न पाहिलेल्या.
शेतावर गेलेल्यांना यातलं काही ठाऊक नाही.
पिल्लांना ऊब पुरेल इतक्या मागे ठेवायच्या.
किती, ते मन्नीलालच्या हाताला कळतं,
माझ्या हाताला चार वर्षांनंतरही विचारावं लागतं.

काटा लिंबाच्या फांदीला.
रिकामी जाळीची पेटी, मग भरलेली. सव्वा किलो.
वर मूठभर जास्त, वाटेत मरतात म्हणून.
मरणाऱ्यांचं वजन असं आधीच धरलेलं,
भाजीवरच्या कोथिंबिरीसारखं.

पाकाचा डबा उलटा, झाकणाला तीन बारीक भोकं.
त्याच्या शेजारी, काडेपेटीएवढ्या पिंजऱ्यात,
राणी. यांची नव्हे, दुसरीच कुणी.
पिंजऱ्याच्या तोंडाला साखरेचं बूच.
ते आतून बाहेरून कुरतडून संपेस्तोवर
वासाची ओळख होते म्हणतात.
होते बहुधा.
नाही झाली तर फोन येतो.

मी लष्करात वाढले.
लष्कर म्हणजे तळ, उठायचा राहून गेलेला.
आपण मूळचे कुठले, असं विचारलं की अनूआत्या
एका गावाचं नाव सांगायची,
जिथे आता आमचं कुणीच नाही,
आणि लगेच खिडकीतून भाजीवालीशी
इथल्या बोलीत कडाकडा भांडायची.
हे आत्ता का आठवावं.
हात चिकट आहेत, कानामागे एक डंख फुगतोय.

उन्हं कलली. शेतावरच्या परतल्या,
तंगड्यांना परागाचे गोळे लावून.
अर्ध्या रिकाम्या घरात शिरल्या,
क्षणभर दाराशी थबकल्या असतील,
मला तसं वाटलं. मन्नीलाल म्हणाला, वारा होता.

स्टेशनवर पार्सलबाबू चष्मा वर करतो.
"कितने नग?"
बारा.
"और अंदर?"
मी मनातल्या मनात गुणाकार करते. सव्वा लाख.
तोंडून निघून गेल्यावर तो आकडा
मला माझाच थोडा टोचतो.
सव्वा लाखाला रकाना नाही. तो लिहितो: बारा.
मग पेटीवर तळहात टेकवतो
आणि पटकन काढून घेतो.
"गरम है."
हो.

चंदीगडची गाडी चाळीस मिनिटं उशिरा.
पुढे कुल्लूकडच्या बागा, सफरचंदाचा मोहर,
यांनी न पाहिलेला, मीही.
ओंजळीतलं पाणी जाळीवर शिंपडत राहते.
आवाज जरा खाली बसतो.
पुन्हा चढतो.