रस्ता खाली आहे

पुण्याला समुद्र नाही, हे मान्य.
पण जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, भिगवणच्या पुढे,
भीमेचं अडवलेलं पाणी एवढं रुंद होतं
की पलीकडचा काठ
चष्मा पुसल्याशिवाय दिसत नाही.
मला तेवढा समुद्र पुरतो.

पहाटेच्या पॅसेंजरला लगेजच्या डब्यात सायकल चढवली.
हमालाने विचारलं, "आजी, विकायला का?"
बावीस इंची, लेडीज, हिरवी होती कधीतरी.
सत्तावीस वर्षं नारायण पेठ ते टेलिफोन एक्स्चेंज.
तेव्हा शिफ्ट सुटली की आम्ही
लक्ष्मी रोडभर चिमण्यांसारख्या सांडायचो.
आता बाजीराव रस्ता ओलांडताना
मी उतरते, आणि तिला हाताला धरून नेते
म्हैस न्यावी तशी, हॉर्नांची माफी मागत.

स्टेशन सोडलं, उसाच्या दोन फडांमधून वळले,
आणि आवाज गेले.
एकेक करून गेले, पाहुणे जातात तसे:
आधी हायवे,
मग कुणाच्या तरी विहिरीवरची मोटार,
मग एक कुत्रं, जे दहा पावलं मागे लागून कंटाळलं.
शेवटी उरली माझीच चेन,
आणि दर फेरीला एकदा, टक्.
पेडल गार्डला घासतंय.
गेली अकरा वर्षं घासत असणार.
पुण्यात कधी ऐकू आलं नाही.

डाव्या हाताला पाणी.
बांबूवर वाळत घातलेली जाळी, चिलापीचा ओला वास,
उथळात रोहित उभे.
गुलाबी म्हणतात त्यांना लोक;
मला तर धुऊन धुऊन विटलेल्या परकराचा रंग दिसला.
तासाभरात एकच वाहन भेटलं,
दुधाच्या किटल्या लावलेली लूना.
चालवणाऱ्याने मान हलवली. मीही.
एवढीच ट्रॅफिक.

मग उतार लागला. दोन्हीकडे बाभळी,
मधे जुनं, चिरफाळलेलं डांबर.
आणि ते डांबर तसंच पाण्यात उतरलं,
न थांबता, न विचारता,
चपला न काढता कुणी आंघोळीला शिरावं तसं.
ब्रेक लागेपर्यंत पुढचं चाक भिजलं.

काठाशी होडी. होडीत लिंबाजी, तंबाखू मळत.
"रस्ता खाली हाय," म्हणाला.
मला वाटलं, रिकामा आहे म्हणतोय, बरं झालं.
तर तो बोटाने पाण्यात दाखवत होता.

धरण भरलं तेव्हा तो तीन वर्षांचा.
ह्याच रस्त्याने बापाची गाडी बाजाराला जायची;
पाणी आलं, बैल विकले, होडी घेतली.
त्याने सायकल आडवी निजवली.
चाक हवेत राहिलं, वाऱ्याने उगाच फिरत.
समोर सगळं मोकळं पाणी,
तरी मधेच वल्हं दाबून
त्याने होडी उजवीकडे घेतली.
"का हो?"
"वळण हाय."
मी खाली पाहिलं. हिरवं, गढूळ, काही नाही.
"बाप हितनंच वळवायचा," म्हणाला,
"गाडीबी, होडीबी."

जरा पुढे गेल्यावर:
"हा चौक. हितं गिरणी.
तिथं सायकलीचं दुकान, तासाला चार आणे."
माझा अंगठा आपोआप गेला.
घंटी वाजली.
एक बगळा उडाला आणि पुन्हा तिथेच बसला.
"आता कोण आडवं येतंय मावशी, माशांबिगर?"
लिंबाजी हसला.
पण वल्हं मात्र त्याने
क्षणभर थांबवलं होतं.

पलीकडे माणसाचे तीस, सायकलचे दहा.
सुट्टे नव्हते; पन्नासची नोट त्याने ठेवून घेतली
आणि दहाच्या बदल्यात एक पेरू दिला.
डांबर पाण्यातून वर येत होतं, ओलं,
शेजारी मैलाचा दगड:
इंदापूर, आणि पुढचा आकडा शेवाळाने खाल्लेला.
किती राहिलंय ते कळायला मार्ग नव्हता.
पदर खोचला, टाच लावली.
टक्.