असावी

पहिल्या दिवशी हाल्वारनं मला एकच शब्द दिला : असावी.
"आहे" लिहायचं नाही, म्हणाला.
"आहे" लिहिणाऱ्याची नोकरी जाते, किंवा बढती होते,
दोन्ही वाईट.

वाद्सोच्या त्या खोलीत नोव्हेंबरात दुपारी दोनलाच रात्र.
हीटरवर त्याचे लोकरी मोजे वाळत,
आणि पडद्यावर, सहाशे किलोमीटर उंचीवरून,
सरहद्दीपलीकडची गोदी :
लांब छप्पर, रेल्वेचा फाटा, एक क्रेन,
क्रेनपेक्षा स्पष्ट तिची सावली.

सावली मोज, म्हणायचा. वस्तू झाकता येते,
सावलीला कोण ताडपत्री घालणार?
छपरावरचं बर्फ बघ,
जिथं वितळलंय तिथं खाली लोखंड जोडतायत.
मोटारी मोज, पाळी बदलताना मोज.
मग चष्मा कपाळावर सरकवून :
आणि रविवारी मासेमारे मोज.

मला थट्टा वाटली.
पण होते ते. गोठलेल्या खाडीवर तिळाएवढे ठिपके,
दर ठिपक्याला एक माणूस, एक भोक, एक बादली.
बहुतेक गोदीतलेच; सुट्टी मिळाली की बर्फावर.
एकतीस ठिपके : आत काम थंड.
नऊ : ओव्हरटाइम.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी एकही नव्हता.
मी तीनदा मोजले. शून्यसुद्धा तीनदा मोजता येतं.
लिहिलं : काम अखेरच्या टप्प्यात असावं.
वरून शाबासकी आली. कुणी आकडे मागितले, कुणी नकाशा,
राजधानीत दोन मजल्यांवर दिवे उशिरापर्यंत.

रात्री वडिलांचा फोन.
या आठवड्यात तळ्यावर गेलोच नाही, म्हणाले,
दक्षिणेकडून उबदार वारा सुटलाय, बर्फ कुरकुरतंय,
पाय ठेवायची सोय नाही.
मग गुडघ्याचं बोलले, शेजाऱ्याच्या कुत्र्याचं बोलले.
मी ऐकत नव्हते.
वाऱ्याला सरहद्द कुठली.

सकाळी दुरुस्ती पाठवली.
तिला शाबासकी आली नाही.

मार्चमध्ये हाल्वार निवृत्त झाला. मोजे हीटरवरच राहिले.

एप्रिलच्या सोळा तारखेला दार उघडं दिसलं,
आणि बाहेर, पाण्याच्या तोंडाशी, ती.
काळी. लांब. भोवतालचं सगळं करडं असताना
तेवढाच भाग कुणी भरायचा विसरल्यासारखी.
लांबी मोजली, सावलीवरून उंची,
पाठीवरच्या झाकणांच्या जोड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.
बोट जरा अडलं.
मग टाइप केलं : आहे.
नोकरी गेली नाही. बढतीही झाली नाही.

धक्क्यावर गर्दी होती, शंभरेक सावल्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या.
बँड असावा. भाषण असावं.
लहान मुलं असावीत,
कारण काही सावल्या आखूड होत्या.

आणि गर्दीपासून दूर, उरल्यासुरल्या बर्फाच्या कडेला
एकच ठिपका.
वरून माणसाला चेहरा नसतो, पाठही नसते.
तो तिकडे बघत होता की भोकात, सांगता येत नाही.
शेजारी ठिपक्याचा ठिपका : बादली.
अहवालात त्याच्यासाठी रकाना नाही.

चौकोन फुटेपर्यंत मी चित्र मोठं करत गेले.
मागं सरक बाबा, म्हणावंसं वाटलं, एप्रिल आहे,
बर्फाचा भरवसा नाही.
चित्र चार तासांपूर्वीचं होतं.
एव्हाना तो घरी गेलाही असेल,
किंवा उद्या पाळीवर जायचंय म्हणून बूट पुसत असेल.

खोलीत कुणी नव्हतं.
हाल्वारनं दिलेला शब्द मी खिशातून काढला, वापरून झिजलेला,
आणि कुठंही न लिहिता
नुसता तोंडानं म्हटला :
बादलीत एखादी तरी मासळी असावी.